वाचकांचे प्रश्न: चार मिनिटांची वेस आणि ती ओलांडणारे धावपटू

मध्यम पल्ल्याच्या शर्यतींविषयी, म्हणजे ८०० मीटरपासून एक मैल आणि ३००० मीटर स्टीपलचेसपर्यंतच्या (म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीपर्यंतच्या) धावण्याविषयी, वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहोत. बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: एखाद्या ठरावीक आकड्याच्या आत धावण्याचे माणसांना इतके अप्रूप का वाटते, आणि इतक्या वर्षांनंतरही ते का ओसरत नाही?

प्रश्न: मी माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. चार मिनिटांत मैल धावणे अशक्य असल्याचे डॉक्टरांनी जाहीर केले होते, रॉजर बॅनिस्टरने ते करून दाखवले आणि मग मनातली भीती गेल्यामुळे वर्षभरात शेकडो धावपटूंना ते जमले, असे प्रेरणादायी व्याख्यानांत नेहमी ऐकायला मिळते. विद्यार्थ्यांना हे असेच सांगावे का? (एक शिक्षक, सांगली)

बॅनिस्टरचा पराक्रम खरा आहे, पण त्याभोवती रचली गेलेली ही कथा खरी नाही, आणि विद्यार्थ्यांना ती तशी सांगू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर, कोळशाच्या राखेच्या ट्रॅकवर, पंचवीस वर्षांच्या रॉजर बॅनिस्टरने एक मैलाचे अंतर ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पार केले. या घटनेला एक वर्ष पूर्ण झाले तेव्हा चार मिनिटांच्या आत मैल धावलेले पुरुष जगात केवळ दोन होते: एक स्वतः बॅनिस्टर आणि दुसरा ऑस्ट्रेलियाचा जॉन लँडी. लँडीने ४६ दिवसांतच, २१ जून १९५४ रोजी, फिनलंडमधील तुर्कू येथे ३ मिनिटे ५८ सेकंदांची वेळ नोंदवून बॅनिस्टरचा विक्रम मोडला होता. पुढे २८ मे १९५५ रोजी लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर हंगेरीचा लास्लो ताबोरी आणि ब्रिटनचे ख्रिस चॅटवे व ब्रायन ह्यूसन असे तिघे एकाच शर्यतीत चार मिनिटांच्या आत आले, तेव्हा कुठे ही संख्या पाचवर पोहोचली. शेकड्यांचा आकडा गाठायला त्यानंतर पुष्कळ वर्षे जावी लागली.

डॉक्टरांनी ते अशक्य ठरवले होते, हा भागही तितकाच तकलादू आहे. बॅनिस्टर स्वतः वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी होता, ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत धावत्या पट्ट्यावर श्वसनाचे प्रयोग त्याने स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर केले होते, आणि पुढे तो नामांकित मज्जाविकारतज्ज्ञ झाला. मैलाच्या विक्रमाची उतरंड ज्याने पाहिली असेल त्याला ही वेळ येणार हे दिसत होते. १९३१ मध्ये फ्रान्सच्या ज्यूल लादूमेगने ४ मिनिटे ९.२ सेकंदांची नोंद केली होती. १९४२ मध्ये विक्रम ४ मिनिटे ६.४ सेकंदांवर असताना स्वीडनच्या गुंडर हेग आणि आर्ने अँडरसन या दोघांनी एकमेकांशी चुरस करत तीन वर्षांत तो ४ मिनिटे १.४ सेकंदांपर्यंत खाली आणला. जुलै १९४५ मध्ये माल्मो येथे हेगला जी कसर राहिली, ती जमिनीवर मोजली तर जेमतेम नऊ-दहा मीटरांची होती.

मग मधली नऊ वर्षे विक्रम जागचा का हलला नाही? मनात भीती बसली होती म्हणून नव्हे. युरोपातली तरुण पिढी महायुद्धात होरपळून निघाली होती. स्वीडन तटस्थ राहिल्यामुळेच तिथे युद्धकाळात एवढ्या शर्यती होऊ शकल्या होत्या. त्यातच धावण्यासाठी पैसे घेतल्याच्या कारणावरून हेग आणि अँडरसन या दोघांवर स्पर्धांत उतरण्याची कायमची बंदी घालण्यात आली. ज्या दोघांकडून चार मिनिटांची वेस ओलांडली जाण्याची सर्वाधिक शक्यता होती, तेच मैदानाबाहेर गेले.

विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी गोष्ट निराळीच आहे, आणि माझ्या दृष्टीने ती अधिक मोलाची आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये १५०० मीटर शर्यतीत बॅनिस्टर चौथा आला आणि पदकाविना परतला. त्यानंतर लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील शिक्षण सांभाळून, दुपारच्या सुट्टीत पॅडिंग्टनच्या मैदानावर जाऊन त्याने सराव केला. ४४० यार्डांची (सुमारे ४०० मीटरची) एक फेरी, मग दोन मिनिटांची विश्रांती, अशा दहा फेऱ्या हा त्या सरावाचा गाभा होता. १९५३ च्या डिसेंबरात प्रत्येक फेरीला ६६ सेकंद लागत होते. पुढच्या वसंतात तो ६१ सेकंदांवर येऊन अडला, तेव्हा मित्र ख्रिस ब्रॅशरबरोबर काही दिवस स्कॉटलंडच्या डोंगरांत चढाईला गेला, आणि परतल्यावर त्याच फेऱ्या ५९ सेकंदांत होऊ लागल्या. चार मिनिटांचा मैल मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी घडला, हे खरे. पण त्याची तयारी सेकंदासेकंदाने आधीच झालेली होती.

प्रश्न: ऑलिम्पिकमध्ये मैलाची शर्यत नसते, १५०० मीटरची असते. तरीही लोक मैलाचाच उल्लेख का करतात? १०० मीटर धावण्यातील दहा सेकंदांची वेस चार मिनिटांइतकी का गाजली नाही? (एक वाचक, नाशिक)

मैल म्हणजे १६०९.३४४ मीटर. बॅनिस्टरच्या काळी इंग्लंडमधले ट्रॅक ४४० यार्डांचे असत, त्यामुळे मैल म्हणजे बरोबर चार फेऱ्या होत. चार फेऱ्या आणि चार मिनिटे, म्हणजे प्रत्येक फेरीला एक मिनिट: हा हिशेब शाळकरी मुलालाही प्रेक्षकांत बसून करता येतो, आणि पहिली फेरी संपताच धावपटू वेळेत आहे की मागे, हे सगळ्या मैदानाला कळते. १५०० मीटर म्हणजे पावणेचार फेऱ्या. तिथे असे सोपे गणित जमत नाही. १९८५ मध्ये नीस येथे ब्रिटनच्या स्टीव्ह क्रॅमने १५०० मीटर अंतर प्रथमच साडेतीन मिनिटांच्या आत, ३ मिनिटे २९.६७ सेकंदांत पार केले. गुणवत्तेत ती धाव बॅनिस्टरच्या धावेहून कितीतरी सरस आहे, पण जाणकारांखेरीज ती कोणाच्या स्मरणात नाही. जागतिक संघटनेने १९७६ मध्ये यार्ड-मैलांचे सारे विक्रम यादीतून काढले, तेव्हाही एकट्या मैलाला जागा ठेवावी लागली, यावरून त्याची लोकांवरील पकड दिसते.

१०० मीटरविषयी आपण विचारले आहे. १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिम्पिकमध्ये जिम हाइन्सने ९.९५ सेकंदांची नोंद केली, त्या धावेचेही महत्त्व मोठे आहे. परंतु ती शर्यत पाहणाऱ्याला काही समजण्याआधीच संपते, आणि निकाल यंत्राने सांगावा लागतो. मॅरेथॉन इतकी लांब की प्रेक्षकाचे लक्ष सतत तिच्यावर राहू शकत नाही. मध्यम पल्ल्याच्या शर्यतीत मात्र सुरुवात, डाव, पेच, दमछाक आणि शेवट हे सगळे चार मिनिटांत डोळ्यांसमोर घडते.

शरीरात काय घडते तेही पाहण्यासारखे आहे. १५०० मीटर किंवा मैलाच्या शर्यतीत लागणाऱ्या ऊर्जेचा साधारण चार-पंचमांश भाग प्राणवायूच्या साहाय्याने तयार होतो, आणि उरलेला त्याच्याविना. धावपटू शर्यतीचा बराच काळ आपल्या प्राणवायू घेण्याच्या कमाल क्षमतेच्या आसपास किंवा तिच्याही वर असतो, स्नायूंमध्ये आम्लता साठत जाते, आणि तिसऱ्या फेरीत मांड्या जड होऊ लागतात. पहिल्या फेरीतला उत्साह संपलेला असतो आणि शेवटची रेषा अजून दिसत नसते, अशी ही फेरी असल्यामुळे विक्रमाचे बहुतेक प्रयत्न तिथेच फसतात. चार मिनिटांच्या मैलाचा वेग ताशी २४ किलोमीटरहून किंचित जास्त आहे. एखाद्या मैदानावर १०० मीटर अंतर १५ सेकंदांत धावून पाहावे, आणि तसे न थांबता सोळा वेळा धावायचे आहे, अशी कल्पना करावी. या आकड्याविषयीचा आदर आपोआप वाढेल.

प्रश्न: केनियाच्या फेथ किप्येगॉनने पॅरिसमध्ये चार मिनिटांच्या आत मैल धावण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तिच्या पुढेमागे पुरुष धावपटूंचा ताफा होता. एवढे करूनही तिला ते साधले नाही. अशा बेतलेल्या शर्यतीला काय अर्थ आहे? (एक वाचक, डोंबिवली)

२६ जून २०२५ रोजी पॅरिसच्या शार्लेती मैदानावर किप्येगॉनने मैलाला ४ मिनिटे ६.४२ सेकंद घेतले. वारा अडवण्यासाठी आणि वेग राखण्यासाठी तिच्याभोवती तेरा धावपटू होते, त्यांत बहुसंख्य पुरुष होते, आणि तिचा पोशाख व बूट खास या धावेसाठी बनवले होते. त्यामुळे ही वेळ विक्रम म्हणून नोंदली जाणार नाही हे आधीपासूनच ठरलेले होते. तिचा अधिकृत विक्रम २१ जुलै २०२३ रोजी मोनॅकोत नोंदलेला ४ मिनिटे ७.६४ सेकंदांचा आहे, आणि त्या दिवशी तिने आधीचा विक्रम एकाच शर्यतीत साडेचार सेकंदांहून अधिक मागे टाकला होता. पॅरिसमध्ये चार मिनिटे पूर्ण झाली तेव्हा शेवटची रेषा तिच्यापासून सुमारे ४२ मीटर दूर होती.

हा प्रयत्न व्यर्थ होता असे मी मानत नाही. सोबतीने धावून वेग राखण्याची रीत नवी नाही. इफ्ली रोडवर पहिल्या अडीच फेऱ्या ख्रिस ब्रॅशर पुढे होता, त्यानंतर ख्रिस चॅटवेने सूत्रे हाती घेतली, आणि शेवटचे दोनशे-सव्वादोनशे मीटर तेवढे बॅनिस्टर एकटा पुढे होता. त्याच्या आदल्या वर्षी, जून १९५३ मध्ये, मॉट्सपर पार्क येथे त्याने ४ मिनिटे २ सेकंदांची वेळ नोंदवली होती. परंतु त्या धावेत ब्रॅशर मुद्दाम मागे रेंगाळून, एक फेरी पिछाडीवर पडून, ऐन वेळी बॅनिस्टरला ओढायला सामील झाला होता, म्हणून ब्रिटिश संघटनेने ती खरी शर्यत नसल्याचे सांगून नोंद नाकारली. बेतलेल्या शर्यतीविषयी आपण घेतलेला आक्षेप किती जुना आहे, ते यावरून दिसेल. माझ्या मते तो निर्णय योग्य होता: विक्रमाच्या यादीत कशाला जागा द्यायची याचे नियम कडक असावेत, आणि त्या यादीबाहेर माणसाने काय करून पाहावे याला मात्र मोकळीक असावी. किप्येगॉनने या दोन्हींचा मान राखला. पॅरिसनंतर नवव्या दिवशी, ५ जुलैला, अमेरिकेतील युजीन येथे नियमांत बसणाऱ्या शर्यतीत तिने १५०० मीटरचा स्वतःचाच विक्रम ३ मिनिटे ४८.६८ सेकंदांवर आणला.

सोबतीशिवाय विक्रम होतच नाहीत असेही नाही. ९ ऑगस्ट २०१२ रोजी लंडन ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत केनियाच्या डेव्हिड रुडिशाने पहिल्या पावलापासून पुढे राहून ८०० मीटर अंतर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत पार केले आणि १ मिनिट ४१ सेकंदांच्या आत येणारा तो पहिला धावपटू ठरला. त्या शर्यतीत आठव्या, म्हणजे शेवटच्या आलेल्या धावपटूची वेळसुद्धा आधीच्या तीन ऑलिम्पिकमधील सुवर्णपदक विजेत्यांच्या वेळेपेक्षा सरस होती. रुडिशाला कोणी ओढले नाही. त्यानेच बाकीच्या सातजणांना ओढून नेले. एवढे देखणे धावणे मी दुसरे पाहिलेले नाही.

प्रश्न: बॅनिस्टरच्या काळात स्त्रिया मैल धावत नव्हत्या का? (एक वाचक, कोल्हापूर)

धावत होत्या, आणि याच विषयात मला सर्वाधिक खंत वाटते. इफ्ली रोडच्या त्या संध्याकाळनंतर अवघ्या तेवीस दिवसांनी, २९ मे १९५४ रोजी, बर्मिंगहॅममध्ये ब्रिटनच्या डायन लेदर हिने मैल ४ मिनिटे ५९.६ सेकंदांत धावून दाखवला. पाच मिनिटांच्या आत धावलेली ती जगातली पहिली स्त्री होय. पुढच्याच वर्षी तिने ही वेळ ४ मिनिटे ४५ सेकंदांपर्यंत खाली आणली. पण स्त्रियांच्या मैलाचा विक्रम आंतरराष्ट्रीय संघटना १९६७ पर्यंत नोंदवतच नसे, आणि ऑलिम्पिकमध्ये तर तिच्यासारखीने धावावे अशी शर्यतच नव्हती.

त्याचे मूळ १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये आहे. तिथे स्त्रियांची ८०० मीटर शर्यत प्रथमच झाली, जर्मनीच्या लीना रादकेने २ मिनिटे १६.८ सेकंदांत ती जिंकली, जपानची हितोमी किनुए दुसरी आली. शर्यत संपल्यावर काही जणी दमून खाली बसल्या किंवा आडव्या झाल्या, जसे पुरुषही होतात. पण वृत्तपत्रांनी जणू सगळ्या जणी कोसळल्या अशी वर्णने छापली, आणि स्त्रीच्या शरीराला हे अंतर झेपत नाही असे ठरवून ती शर्यत बंद करण्यात आली. ती परत आली १९६० मध्ये, रोममध्ये, म्हणजे बत्तीस वर्षांनी. १५०० मीटरसाठी स्त्रियांना १९७२ पर्यंत थांबावे लागले, आणि त्यानंतर अवघ्या चार वर्षांत सोव्हिएत संघाच्या तात्याना कझान्किनाने ते अंतर चार मिनिटांच्या आत धावून दाखवले. घड्याळाची वेस धावून ओलांडता येते. नियमाने घातलेली वेस पायांत कितीही बळ असले तरी ओलांडता येत नाही. बॅनिस्टरचे नाव घेतले जाते तिथे लेदरचे नावही घेतले गेले पाहिजे.

प्रश्न: या सगळ्यात आपण भारतीय कुठे आहोत? (एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तराची सुरुवात १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकपासून करतो. ८०० मीटरच्या अंतिम फेरीत राजस्थानचा श्रीराम सिंह पहिली फेरी सर्वांच्या पुढे राहून अतिशय वेगाने धावला. दुसऱ्या फेरीत क्यूबाच्या अल्बेर्तो हुआंतोरेनाने त्याला मागे टाकून विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले, आणि श्रीराम सिंह सातवा आला. विश्वविक्रमाला लागणारा वेग पहिल्या फेरीत एका भारतीयाने घालून दिला होता, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्याची १ मिनिट ४५.७७ सेकंदांची वेळ राष्ट्रीय विक्रम म्हणून बेचाळीस वर्षे टिकली. २०१८ मध्ये केरळच्या जिन्सन जॉन्सनने ती मोडली, आणि २०२५ मध्ये मोहम्मद अफसल हा १ मिनिट ४५ सेकंदांच्या आत धावणारा पहिला भारतीय ठरला. एवढा विक्रम इतकी वर्षे टिकणे हा श्रीराम सिंहचा गौरव आहे, पण मधल्या काळात त्याच्या तोडीचे धावपटू घडवता आले नाहीत, याकडेही डोळेझाक करता येणार नाही.

महाराष्ट्राने या शर्यतींत दिलेले सर्वांत मोठे नाव बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे याचे आहे. तो बारावीनंतर लष्कराच्या महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला, सियाचीनला राहिला, आणि स्टीपलचेसकडे विशीनंतरच वळला. या शर्यतीत सुमारे साडेसात फेऱ्यांत ९१.४ सेंटिमीटर उंचीचे अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा पार करावा लागतो. गोपाल सैनीने १९८१ मध्ये नोंदवलेला ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम अविनाशने सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे ८ मिनिटे २९.८० सेकंदांची वेळ देऊन मोडला. बर्मिंगहॅमच्या २०२२ मधील राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले, तेव्हा सुवर्णपदक विजेता केनियाचा अब्राहम किबिवोत त्याच्या फक्त ०.०५ सेकंद पुढे होता. १९९८ पासून त्या स्पर्धेत स्टीपलचेसचे एकही पदक केनियाबाहेर गेलेले नव्हते. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसमध्ये अविनाशने ८ मिनिटे ९.९१ सेकंदांची नोंद केली. भुवनेश्वर ते पॅरिस या सहा वर्षांत वीस सेकंद कमी झाले, ते बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांच्या शर्यतींत वारंवार उतरल्यामुळे, असे मला ठामपणे वाटते. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर हिनेही रिओ ऑलिम्पिकमध्ये, २०१६ साली, स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरी गाठली होती. दोघेही दुष्काळी टापूतले आहेत.

प्रश्न: माझा पंधरा वर्षांचा मुलगा ८०० मीटर दोन मिनिटांच्या आत धावण्याच्या ध्यासाने रोज संध्याकाळी घड्याळ लावून धावतो. सध्या त्याला २ मिनिटे ९ सेकंद लागतात. त्याला प्रोत्साहन द्यावे की थांबवावे? (एक पालक, फलटण)

ध्यास राहू द्यावा, रोजचे घड्याळ मात्र काढून घ्यावे. दररोज पूर्ण जोर लावून ८०० मीटर धावल्याने वाढत्या वयात पोटऱ्या आणि गुडघे दुखावतात आणि वेळ सुधारण्याऐवजी अडकून पडते. आठवड्यातील बहुतेक दिवस बोलता बोलता धावता येईल अशा संथ गतीने धावावे, एखाददोन दिवस २०० किंवा ३०० मीटरच्या फेऱ्या मध्ये विश्रांती घेत कराव्यात, आणि पूर्ण अंतराची चाचणी महिन्यातून एकदा पुरे. ४०० मीटरची पहिली फेरी ६० सेकंदांत काढून दुसरीत ६९ सेकंद घेण्यापेक्षा पहिलीला ६३ आणि दुसरीला ६४ हे त्याच्यासाठी कितीतरी बरे. दोन फेऱ्यांत इतपतच फरक राखायला तो शिकला, तर दोन-तीन सेकंद तिथेच वाचतील.

आणखी एक गोष्ट तपासावी. शाळेच्या मैदानावर चुन्याने आखलेला ट्रॅक अनेकदा २०० मीटरहून थोडा कमी भरतो, आणि हाताने थांबवलेले घड्याळ विजेच्या घड्याळापेक्षा साधारण पाव सेकंद कमी दाखवते. मैदान टेपने मोजताना आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटर अंतर सोडून मोजावे. त्यानंतर जिल्हा स्पर्धेत, त्याच्याहून थोडे वेगवान असलेल्या मुलांच्या गटात त्याचे नाव द्यावे, आणि तिथे मिळेल तीच वेळ वहीत लिहून ठेवावी.